एलीट डेंजरस: आकाशगंगेची नोंदवही लिहिणाऱ्यांसाठी हा खेळ कसा आहे

एलीट डेंजरस हा अंतराळयान चालवण्याचा संगणकीय खेळ डिसेंबर २०१४मध्ये आला. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने त्यात आपली आकाशगंगा पूर्ण आकारात उभी केली आहे, सुमारे ४०० अब्ज सिस्टीमसह (सिस्टीम म्हणजे तारा आणि त्याभोवतीचे ग्रह). लढाई, व्यापार, खाणकाम यांवर भरपूर लिहून झालं आहे, म्हणून त्या वाटेला इथे जायचं नाही. प्रश्न एवढाच आहे की कुणी न पाहिलेल्या दुर्मीळ सिस्टीम शोधून त्यांची पद्धतशीर नोंद ठेवायची असेल, तर हा खेळ त्या कामाचा आहे का? आहे, आणि फार मनापासून आहे. मात्र अर्धं काम खेळाच्या बाहेर करावं लागतं, हे ठाऊक असूनच विकत घ्यावा.

यातले सुमारे १,६०,००० तारे खऱ्या खगोलशास्त्रीय याद्यांमधून घेतलेले आहेत. ज्येष्ठा, काक्षी असे आपल्या नक्षत्रांतले ओळखीचे तारे इंग्रजी नावांनी नकाशात सापडतात आणि तिथे जाता येतं. व्याधाला परवाना लागतो, ध्रुवाचंही तसंच. उरलेले सगळे तारे स्टेलर फोर्ज नावाचं गणित तयार करतं. त्या भागातल्या वस्तुमानावरून तारा ठरतो, ताऱ्यावरून ग्रह ठरतात. हे गणित वरवरचं नाही. फेब्रुवारी २०१७मध्ये ट्रॅपिस्ट-१ भोवतीच्या सात ग्रहांची घोषणा झाली, तेव्हा खेळात जवळजवळ त्याच जागी सात ग्रहांचा एक तपकिरी बटू (फार लहान, मंद तारा) आधीपासूनच होता. कंपनीने त्यात थोडे फेरफार करून त्याला ट्रॅपिस्ट-१ हे नाव दिलं.

शोधणाऱ्याने आधी शिकायची ती नावं. नकाशातली ती विचित्र नावं यादृच्छिक नाहीत, तो पत्ता असतो. कोलोनिया या दूरच्या वसाहतीचं मूळ नाव घ्या: इओल प्रू आरएस-टी डी३-९४. इओल प्रू हा सेक्टर, म्हणजे १,२८० प्रकाशवर्षं बाजूचा घन. त्यातला लहान चौकोनी डबा कोणता, ते आरएस-टी आणि त्यापुढचा ३ सांगतात. शेवटचा ९४ हा त्या डब्यातला अनुक्रमांक, आणि मोजणी शून्यापासून होते. मधलं डी हे अक्षर सगळ्यात कामाचं. ते ए ते एच यांपैकी काहीही असू शकतं आणि सिस्टीमचं एकूण वस्तुमान सांगतं. डब्याचा आकारही त्यावरच ठरतो: ए म्हणजे १० प्रकाशवर्षं, बी २०, सी ४०, डी ८० आणि तसंच दुप्पट होत एच म्हणजे अख्खा सेक्टर.

हे वाचता आलं की आंधळी भटकंती संपते. ए आणि बीमध्ये मुख्यतः लाल आणि तपकिरी बटू. डीमध्ये एफ, जी, ए, के वर्गाचे तारे भरपूर (हे वर्ग ताऱ्याच्या तापमानाचे, वस्तुमानाच्या अक्षरांशी त्यांचा संबंध नाही), म्हणून पृथ्वीसारखे ग्रह हवेत तर डीच्या मागे लागावं. त्यापुढची अक्षरं मोठ्या, तापट ताऱ्यांची आणि न्यूट्रॉन ताऱ्यांची. जी आणि एचमध्ये कृष्णविवरं. एखाद्या सेक्टरच्या नावापुढे एए-ए एच० , मग एच१, एच२ असं नकाशाच्या शोधपट्टीत टाकत गेलं की त्या सेक्टरमधल्या सर्वांत वजनदार सिस्टीम एकामागून एक समोर येतात.

पहिला आकडा शून्य असेल तर तो लिहिलाच जात नाही. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एक्स्प्लोरर्स अँकरेज या स्थानकाची सिस्टीम आहे स्टुएमी एफजी-वाय डी७५६१. म्हणजे ८० प्रकाशवर्षांच्या एका डब्यात फक्त डी वर्गाच्याच निदान ७,५६२ सिस्टीम. गाभ्यातली दाटी किती, हे त्या एका नावात कळतं.

यावरूनच डबा-मोजणीची पद्धत निघाली आहे, आणि यादी करणाऱ्याला याहून समाधान देणारं काम खेळात दुसरं नाही. एक डबा निवडायचा. शेवटचा अनुक्रमांक किती आहे ते निम्म्या-निम्म्याने काढायचं: शोधपट्टीत ५०० टाका, सिस्टीम सापडली नाही तर २५०, २५० सापडली तर ३७५. आठ-नऊ प्रयत्नांत शेवटचा आकडा हाती लागतो. मग शून्यापासून तिथपर्यंतची यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवायची, ईडीएसएम या खेळाडूंच्या सार्वजनिक नोंदणीत कोणत्या आधीच आहेत त्यावर खूण करायची आणि उरलेल्यांना एकेक करून भेट द्यायची. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: ईडीएसएमवर नाही म्हणजे अस्पर्श आहे असं नाही. अनेक खेळाडू काहीच अपलोड करत नाहीत. खरा निकाल तिथे पोहोचल्यावरच लागतो.

पोहोचल्यावर काय करायचं? आधी डिस्कव्हरी स्कॅनरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे तारा नोंदला जातो आणि एकूण किती पिंड आहेत ते कळतं. मग यान मंद करून फुल स्पेक्ट्रम स्कॅनर उघडायचा. डिसेंबर २०१८च्या अद्ययावतीत आलेला हा स्कॅनर रेडिओच्या सुईसारखा चालतो. खाली एक पट्टी असते, तिच्यावर ठिकठिकाणी उंचवटे दिसतात. डावीकडे धातूचे आणि खडकाळ पिंड, मग बर्फाळ, अगदी उजवीकडे गुरूसारखे वायुग्रह. बर्फाळ आणि वायुग्रह यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात उंचवटा दिसला की हात थांबला पाहिजे, कारण पृथ्वीसम, अमोनियाचे आणि पाण्याचे ग्रह तिथेच उमटतात. त्या उंचवट्यावर सुई नेली, आकाशात निळ्या ठिपक्याच्या दिशेने वळलं आणि झूम केलं की ग्रह उलगडतो. सुई नीट जुळलेली नसेल तर झूम होतच नाही. नवखे इथेच वैतागतात. दिशा नाही, आधी सुई दुरुस्त करा.

सरावाने दहा-पंधरा पिंडांची सिस्टीम दोन-तीन मिनिटांत होते. प्रत्येक ग्रह उलगडायलाच हवा असं नाही. पट्टीवर नजर टाकून मधला पट्टा रिकामा दिसला तर पुढे निघावं. डबा पूर्ण करायचा असेल तेव्हा मात्र शेवटच्या बर्फाच्या गोळ्यापर्यंत सगळं स्कॅन करा. अर्धवट नोंदी असलेल्या डब्यावरून प्रमाण काढता येत नाही, आणि नंतरचा माणूस तीच वाट पुन्हा तुडवतो.

त्यानंतर प्रोब. ग्रहाजवळ जाऊन सरफेस स्कॅनरने प्रोब सोडायचे, ते गुरुत्वाने वळून मागच्या बाजूला पडतात. प्रोब संपत नाहीत, पण ठरलेल्या संख्येत ९० टक्के पृष्ठभाग झाकला तर जादा मोबदला मिळतो. चूक हमखास एकच होते: सगळे प्रोब समोरच्या बाजूवर मारले जातात. एक-दोन समोर, बाकीचे कडेच्या बाहेरून मागे वळतील असे सोडा. कड्यांना एक प्रोब पुरतो.

दुर्मीळ म्हणजे काय, याचं उत्तर खेळ नीट देत नाही. कोडेक्स ही खेळातली नोंदवही आकाशगंगेचे ४२ प्रदेश पाडून प्रत्येकातल्या नोंदी दाखवतो, पण संयोगांची दखल घेत नाही. कडी असलेली पृथ्वीसम दुनिया, वायुग्रहाभोवती फिरणारी पृथ्वीसम दुनिया, एकमेकींभोवती फिरणाऱ्या दोन पृथ्वीसम दुनिया, यांना यादीत वेगळा शिक्का मिळत नाही; सिस्टीम नकाशा पाहून आपणच टिपायचं. हेलियमचा वायुग्रह फार क्वचित सापडतो, त्यासाठी वातावरणाच्या टक्केवारीकडे लक्ष ठेवावं. हिरवे झळकणारे वायुग्रह तर डोळ्यांनीच ओळखावे लागतात. हा दोष मोठा आहे. इतकं सखोल गणित असलेल्या खेळात नोंदवहीला शोधाची साधी चाळणी तरी हवी होती.

यान कोणतं? कमी पैशात डायमंडबॅक एक्स्प्लोरर: सुमारे १९ लाख क्रेडिट (खेळातलं चलन), लांब उडी (एका सिस्टीममधून दुसरीत थेट झेप) आणि ताऱ्याजवळही थंड राहण्याची उत्तम सवय. पण त्यात इंधन ओढणारा स्कूप चार नंबरपेक्षा मोठा बसत नाही. उत्तम प्रतीचा ४ए स्कूप सेकंदाला ३४२ किलो ओढतो, आस्प एक्स्प्लोररमध्ये मावणारा ६ए ओढतो ८७८. या यानांतल्या ५ए ड्राइव्हची, म्हणजे उडी मारणाऱ्या यंत्राची, पूर्ण उडी ५ टन खाते. म्हणजे पूर्ण वेगानेही एकात दर उडीला १५ सेकंद, दुसऱ्यात ६. हजार उड्यांच्या प्रवासात हा फरक अडीच तासांचा होतो. नव्यांपैकी मॅन्डले यान योग्य बदलांनंतर ८० प्रकाशवर्षांच्या पुढे उडी मारतं, आणि आता शोधकामाला त्यालाच पहिली पसंती द्यावी.

भाग निवडताना नियम सोपा: ड्राइव्ह आणि स्कूप ए प्रतीचे, बाकी जवळपास सगळं डी, कारण डी सर्वांत हलकं. डेसिएट सिस्टीममधल्या फेलिसिटी फारसीर या इंजिनिअरकडून ड्राइव्हची उडी वाढवून घ्या. तिला मेटा-अलॉय नावाच्या द्रव्याचा एक नग द्यावा लागतो आणि शोधकाचा हुद्दा निदान स्काउट लागतो. गार्डियन या लुप्त परग्रहवासीयांच्या अवशेषांतून मिळणारा पाच नंबरचा बूस्टर सरळ १०.५ प्रकाशवर्षं वाढवतो. दुरुस्ती यंत्रं दोन घ्या, कारण एक यंत्र स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. पॉवर प्लांट मात्र दोघांनाही दुरुस्त होत नाही, म्हणून त्याला जपा. ढाल लहान असली तरी असू द्या. ढालीशिवायची यानं बहुधा लढाईत मरत नाहीत, उतरताना मरतात. जास्त गुरुत्वाच्या ग्रहावर यान दगडासारखं खाली येतं. आकेरनार ३ या ग्रहावर तर गुरुत्व पृथ्वीच्या ६.७ पट आहे. उतरण्याआधी माहितीफलकावरचा गुरुत्वाचा आकडा वाचायची सवय लावा.

इंधन फक्त ओ, बी, ए, एफ, जी, के, एम वर्गाच्या ताऱ्यांकडून मिळतं. तपकिरी बटूंच्या पट्ट्यात टाकी रिकामी झालेली यानं कमी नाहीत. नकाशात वर्गांची चाळणी लावूनच मार्ग आखा. तरीही अडकलात आणि प्राणवायूचा काटा सुरू झाला, तर घाबरून उड्या मारू नका. लगेच मुख्य मेनूवर बाहेर पडा आणि फ्युएल रॅट्स या स्वयंसेवकांना बोलवा. ते २०१५पासून अडकलेल्यांना विनामूल्य इंधन पोचवतात.

न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून गेलं की पुढची उडी चौपट होते, श्वेतबटूच्या झोतातून दीडपट. झोताच्या टोकाकडून शिरायचं, ताऱ्याकडे तोंड करायचं नाही. ताऱ्याच्या वर्जित कक्षेत शिरून सुपरक्रूझमधून (सिस्टीमच्या आतल्या अतिवेगवान प्रवासातून) बाहेर फेकले गेलात तर झोत यान फाडतो. श्वेतबटूचा झोत आखूड, म्हणून जास्त धोकादायक. फायदा पाहता त्याच्या वाटेला जाऊच नये. प्रत्येक वापराने ड्राइव्ह सुमारे १ टक्का झिजते. ८० टक्क्यांच्या खाली उतरण्याआधी दुरुस्त करा.

मे २०२१मध्ये आलेल्या ओडिसी या जोडविस्तारामुळे विरळ वातावरणाच्या ग्रहांवर उतरून सजीवांचे नमुने घेता येतात. प्रत्येक जातीचे तीन नमुने, आणि त्यांच्यात ठरावीक अंतर: टसॉकला २०० मीटर, स्ट्रॅटमला ५००, इलेक्ट्रिकीला १,०००. स्ट्रॅटम टेक्टोनिकासच्या एका नोंदीचे १,९०,१०,८०० क्रेडिट मिळतात, आणि त्या ग्रहावरचं पहिलं पाऊल तुमचं असेल तर पाचपट. ग्रह मोजण्यापेक्षा यात पैसा कितीतरी जास्त आहे. ओडिसी घ्यावाच. रात्रीच्या बाजूला उतरू नका, अंधारात रोपं शोधण्यात तास जातो.

खेळाला सतत इंटरनेट लागतं, अगदी एकट्याने खेळायच्या सोलो मोडमध्येही. शिकवण अपुरी आहे. वरचं नावांचं सूत्र खेळात कुठेही सांगितलेलं नाही, खेळाडूंनीच उकलून काढलं आहे. आणि सर्वांत कठोर भाग: यान फुटलं तर न विकलेली सगळी माहिती जाते. महिन्यांचं काम एका चुकीच्या उतरणीत संपू शकतं. पण हा नियम आहे म्हणूनच नोंदीला किंमत आहे, आणि तो तसाच राहावा.

बाहेरचं अर्धं काम असं. खेळ प्रत्येक घटना संगणकाच्या सेव्ह्ड गेम्स फोल्डरमधल्या जर्नल फाइलींत लिहितो: वस्तुमान, तापमान, वातावरण, आणि हा पिंड आधी कुणी शोधला होता का हेही. ईडी मार्केट कनेक्टर हा जोडप्रोग्रॅम चालू ठेवला तर नोंदी आपोआप सार्वजनिक यादीत जातात. विसरलात तरी जुन्या जर्नल फाइली नंतर चढवता येतात. संगणक नव्याने सेट करण्याआधी तो फोल्डर आधी बाजूला काढा. यान फुटलं तरी जर्नल उरतं, म्हणजे क्रेडिट गेले तरी शास्त्र जात नाही.

खेळातल्या ग्रहावर तुमचं नाव मात्र माहिती विकल्यावरच लागतं, आणि जो आधी विकेल त्याचं लागतं. म्हणून लांबच्या मोहिमेत कोलोनियाला किंवा एक्स्प्लोरर्स अँकरेजला थांबून विकत जा. वाटेत कुणाचं फ्लीट कॅरियर (खेळाडूच्या मालकीचं फिरतं स्थानक) भेटलं तर थोडी कपात सोसूनही तिथे विका. स्थानकाच्या तोंडाशी आल्यावर घाई करू नका. हजारो प्रकाशवर्षं सुखरूप आलेली यानं स्थानकाच्या दारात वेग जास्त ठेवल्यामुळे फुटतात. शेवटच्या उतरणीआधी दोन मिनिटं विश्रांती घ्या, पाणी प्या, आणि वेग १०० मीटर प्रतिसेकंदाच्या खाली ठेवूनच दारातून आत शिरा.