‘एल्फ ऑन द शेल्फ’: नाशिकच्या घरात नाताळच्या एल्फचा मुक्काम

नाताळच्या आधीच्या आठवड्यांत मुलांसाठी घरात रोज काहीतरी नवे घडावे असे ज्या पालकांना वाटते, त्यांनी ‘एल्फ ऑन द शेल्फ’ हा संच अवश्य घ्यावा. मात्र त्याच्याबरोबर येणाऱ्या नियमांपैकी एक नियम खोक्यातच राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शरणपूर रोडवरील आमच्या घरी डिसेंबर उजाडला की हा एल्फ, म्हणजे सांताक्लॉजचा परीकथेतला बुटका मदतनीस, बाहेर निघतो. तेव्हा हे परीक्षण नुसते खोके उघडून पाहून केलेले नाही.

संचात दोनच गोष्टी असतात : एक यमकबद्ध इंग्रजी चित्रपुस्तक आणि लाल पोशाखाचा, टोकदार टोपीचा, डोळे एका बाजूला वळवून पाहणारा सडपातळ बाहुला. कॅरोल एबरसोल्ड आणि त्यांची कन्या चांदा बेल यांनी आपल्या घरात चालत आलेल्या प्रथेवरून हे पुस्तक लिहिले आणि २००५ मध्ये अमेरिकेत स्वतःच प्रकाशित केले. त्यातील कल्पना अशी की, सांताक्लॉज प्रत्येक घरी एक एल्फ धाडतो, त्या घरची मुले त्याचे नाव ठेवतात, तो दिवसभर एका जागी निश्चल बसून घराकडे पाहतो, रात्री सगळे झोपल्यावर उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला दिवसभराचा वृत्तांत देतो आणि पहाटेपूर्वी परत येऊन नव्याच ठिकाणी बसतो. त्याच्याशी बोलता येते, तो मात्र उत्तर देत नाही. त्याला हात लावायचा नाही, कारण स्पर्शाने त्याची जादू ओसरते. २४ डिसेंबरच्या रात्री तो सांताबरोबर निघून जातो, तो पुढच्या वर्षीपर्यंत.

आमच्या मुलांनी त्याचे नाव बंड्या ठेवले. या संचाचा सर्वांत मोठा गुण पाहायचा असेल, तर तो नाशिकच्या डिसेंबरमधील सकाळी पाहावा. रोजच्या वर्तमानपत्रात निफाडचा पारा किती उतरला याची बातमी असते, अंगावरची गोधडी काढणे मोठ्यांच्याही जिवावर येते आणि सातची शाळा असलेल्या मुलांना उठवता उठवता घरातल्यांचा घसा कोरडा पडतो. अशा दिवसांत ‘बंड्या आज कुठे?’ एवढा प्रश्न पुरतो. दोघेही अनवाणीच गार फरशीवरून स्वयंपाकघरात धावतात, मांडणीवरची पातेली, कपबश्यांचा स्टँड, खलबत्त्यामागची जागा धुंडाळतात आणि तो सापडल्यावर त्याने रात्री काय काय केले असेल याची गोष्ट स्वतःच रचतात. फराळाची धामधूम सुरू झाल्यावर एका सकाळी तो चिवड्याच्या डब्याला मिठी मारून बसला होता, त्याच्या टोपीवर करंज्यांच्या पिठीचा पांढरा थर होता आणि धाकट्याने शाळेला निघेपर्यंत त्याची बाजू घेतली की, त्याने चिवडा खाल्ला नाही, तो नुसती राखण करत होता.

बाहुल्याच्या घडणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मूळ प्रकारच्या बाहुल्याच्या हातापायांत तार नसते, त्यामुळे तो आपण बसवू तसा आपोआप बसत नाही. दोन्ही मनगटे पांढऱ्या दोऱ्याने सैलसर बांधून घेतली की तो गुडघे कवटाळून किंवा एखाद्या डब्याला धरून नीट बसतो आणि दोरा दिसतही नाही. गॅसच्या शेगडीजवळ त्याला कधीही बसवू नये. आम्ही ज्या विक्रेत्याकडून तो ऑनलाइन मागवला, त्याने खोके चेपलेल्या अवस्थेत पाठवले; म्हणून भेट म्हणून द्यायचा असल्यास हाताशी वेळ ठेवून मागवावा.

हात न लावण्याचा नियम लहान मुलांना जड जातो, आणि या प्रथेची मला आवडलेली खुबी म्हणजे त्यावर तोडगाही तिनेच देऊन ठेवला आहे. स्पर्श झालाच तर सांताला क्षमेची चिठ्ठी लिहावी, नाताळचे गाणे म्हणावे आणि एल्फच्या शेजारी दालचिनीची चिमूटभर पूड टाकावी, म्हणजे जादू परत येते. आमच्या धाकट्याने मसाल्याच्या कपाटातली दालचिनी स्वतः कुटली, वस्त्रगाळ होण्याची वाट न पाहता बंड्याच्या भोवती पसरली आणि आजीला शेजारी बसवून तिच्याबरोबर गाणे म्हटले. बंड्याच्या पांढऱ्या कॉलरवर तेव्हापासून तपकिरी ठिपके आहेत, आणि ते धुऊन काढायला मुलांची परवानगी नाही.

आता ज्या नियमाला माझा विरोध आहे, त्याविषयी. एल्फ रोज रात्री मुलांच्या वागण्याची खबर सांताला देतो, हा या प्रथेचा कणा मानला जातो आणि अनेक घरांत ‘एल्फ बघतोय हं’ या एका वाक्यावर महिनाभर शिस्त चालवली जाते. लॉरा पिंटो आणि सेलेना नेमोरिन या अभ्यासकांनी कॅनडातील एका धोरण-अभ्यास संस्थेसाठी २०१४ मध्ये लिहिलेल्या लेखात नेमका यावरच आक्षेप घेतला होता : कोणीतरी सतत आपल्यावर नजर ठेवून आहे आणि वर कळवते आहे, ही गोष्ट मुलांना खेळातून स्वाभाविक वाटू लागते, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते. घरात आलेला पाहुणा चुगलखोर असेल तर मूल त्याच्यासमोर चांगले वागेल, पण त्याच्यावर माया करणार नाही. आणि सारा आनंद तर त्या मायेतच आहे.

युरोपातील जुने एल्फ असे नव्हते, ही बाब मुलांना सांगण्यासारखी आहे. डेन्मार्क आणि नॉर्वेतील निसे, स्वीडनमधील टोम्टे हे शेतघराच्या गोठ्यात राहणारे, गुराघोड्यांची काळजी वाहणारे बुटके रखवालदार होते, आणि नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्यासाठी लोण्याचा गोळा घातलेल्या लापशीचा वाडगा ठेवणे हे घरच्यांचे कर्तव्य होते. एका प्रसिद्ध लोककथेत, वाडग्यात लोणी दिसले नाही म्हणून संतापलेला निसे घरची गाय मारतो, मग लापशी खाताना तळाशी लोणी सापडल्यावर खजील होऊन तशीच दुसरी गाय आणून उभी करतो. आइसलँडमध्ये १२ डिसेंबरपासून रोज एक याप्रमाणे तेरा खोडकर भाऊ येतात. कोणी चमचे चाटतो, कोणी दारे आपटतो, कोणी मेणबत्त्या पळवतो, आणि मुलांनी खिडकीत ठेवलेल्या बुटात ते भेटवस्तू टाकतात किंवा वात्रट मुलाच्या बुटात सडका बटाटा. सांताच्या हाताखाली खेळणी बनवणारे कामसू एल्फ त्या मानाने नवे. ते एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी मासिकांतून रूढ झाले. म्हणजे त्या जुन्या प्रथांत हिशेब केवळ मुलांच्या वागण्याचा होत नव्हता, राबणाऱ्या त्या बुटक्याशी घर कसे वागते याचाही होत होता.

म्हणून आमच्याकडे बंड्या खबर देत नाही. तो रात्री फिरतो, एवढेच मुलांना ठाऊक आहे. त्याऐवजी शनिवारी रात्री त्याच्यासाठी गव्हाच्या दलियाची गूळ घातलेली लापशी छोट्या वाटीत वाढली जाते, वर लोण्याऐवजी साजूक तूप, आणि ते तूप तळाशी न घालता वरच दिसले पाहिजे, याकडे मुलगी डोळ्यांत तेल घालून पाहते. सासूबाईंना सुरुवातीला एक काळजी होती की, या बाहुल्यामुळे मुलांचे गव्हाणीकडे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याकडे, दुर्लक्ष होईल. त्यांचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाला आवर्जून सांगेन : एल्फची जागा स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, गव्हाणीत, मेंढपाळांच्या शेजारी त्याला बसवू नये. आगमनकाळातील, म्हणजे नाताळपूर्वीच्या आठवड्यांतील, रविवारची बायबल-वाचने घरात नियमाने होत असतील, तर दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात, असा आमचा अनुभव आहे.

मोठ्यांच्या कष्टांचा विचार मात्र खरेदीपूर्वी करावा. रोज रात्री, भांडी आवरून झाल्यावर, कोणीतरी उठून त्याला हलवावेच लागते, आणि ते काम एकाच व्यक्तीवर पडले तर पहिल्या आठवड्यातच नकोसे होते. घरातील तिघाचौघांनी वार वाटून घ्यावेत. कल्पना फार भव्य असण्याची गरज नाही. आजोबांच्या चष्म्याच्या घरात खोचलेला एल्फ मुलांना तेवढाच पुरतो. निरोपाची सोय आपल्याकडे आयतीच आहे : २४ तारखेला सगळे मध्यरात्रीच्या उपासनेला निघताना कोणीतरी ‘किल्ली राहिली’ म्हणून मागे वळावे आणि त्याला माळ्यावरच्या पेटीत ठेवून यावे.

याच मालिकेत एल्फसाठी कपडे मिळतात, तसेच रेनडिअर, सेंट बर्नार्ड कुत्रा आणि ध्रुवीय कोल्हा असे सोबतीही मिळतात. ते घेऊ नयेत. बंड्याला गेल्या हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून मुलीने जुन्या स्वेटरच्या बाहीची शाल करून दिली, आणि विकतचा कोणताही पोशाख तिला आता त्याच्या अंगावर चालणार नाही.