सुती बंधाचं जाळं: गंगापूर धरणात नऊ महिने वापरल्यानंतर

मासेमारीचं जाळं हरवलं तर कुजून जावं, म्हणून ते अख्खं कुजणारं हवं, हा आग्रह धरणात सोडून द्यावा. कुजायला हवी ती फक्त बोये, म्हणजे जाळं पाण्यात उभं धरणारे तरंगते तुकडे, बांधून ठेवणारी दोरी. ऑगस्ट ते एप्रिल वापरल्यावर आमचं मत हेच आहे.

नायलॉनचं जाळं पाण्याखालच्या खुंटाला अडकून हरवलं, तरी बोयांमुळे उभंच राहतं. मग कटला, रोहू, पाणकावळे फुकट मरत राहतात. बोये सुटले की तेच जाळं तळाशी गोळा होऊन पडतं. म्हणून जाळं नायलॉनचंच ठेवलं आणि बोये 2 मिलिमीटर जाडीच्या, कसलाही लेप नसलेल्या सुती दोरीने बांधले. 50 मीटरला दर सव्वा मीटरवर एक, म्हणजे 40 बंध. प्रत्येकाला दोन वेढे, वर दुहेरी गाठ, टोक बोटभर मोकळं. ओली दोरी फुगून गाठ घट्ट बसते, पण वाळली की ढिली पडते. टोक आखूड असेल तर तिथेच सुटते.

सतत पाण्यात राहिलेला बंध थंडीत साधारण दोन महिन्यांनी हाताच्या झटक्याने तुटला, एप्रिलमध्ये तीन-चार आठवड्यांतच. रोज काढून वाळवलेला त्याहून बराच टिकतो. आधी काळे ठिपके येतात, मग दोरी बुळबुळीत होते, शेवटी पीळ उकलून कापूस हातात येतो. ठिपके दिसले की बंध बदलायचा. बुळबुळीत होईपर्यंत थांबलात तर भरल्या जाळ्याचे बोये ओढतानाच निघून जातात.

बाभळीच्या सालीच्या काढ्यात सूत बुडवलं की ते जास्त टिकतं. जुनी सुती जाळी अशीच जपत. बंधांना मात्र काढा देऊ नका, नाहीतर सगळा हेतूच फसतो. डांबर तर अजिबात नको. हे नाशिकचं पिण्याचं पाणी आहे.

दोरी घेताना टोक जाळून बघा. सूत कागदासारखं जळून राख होते, नायलॉन-पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. ‘सुती’ म्हणून घेतलेल्या एका गुंडीत असे मणी निघाले. पीएलए, म्हणजे पिकांच्या स्टार्चपासून केलेलं ‘कुजणारं’ प्लास्टिक, त्याचा धागाही नको. तो कुजतो कंपोस्ट खताच्या कारखान्यात, साधारण 60 अंश उष्णतेत, धरणाच्या पाण्यात नाही.

समुद्रातही पेच हाच. हिंदी महासागरात कुपा, म्हणजे टूना, जमवायला तराफे सोडतात. त्यांच्याखाली लोंबणाऱ्या जुन्या जाळ्यांत कासवं नि मुशी, म्हणजे शार्क, अडकत, म्हणून आता बांबू आणि सुती दोरांचे तराफे करून बघतात. तिथेही दोर हंगामभर टिकला पाहिजे आणि तराफा भरकटला की कुजला पाहिजे.

आमची खरी अडचण बोयांची. थर्माकोलचा बोया सुटला की काठावर चुरा होऊन पसरतो. पांगाऱ्याच्या लाकडाचे बोये चांगले, पण पाणी पिऊन जड होतात. त्यामुळे दोन संच ठेवावे लागतात: एक पाण्यात, एक सावलीत वाळत.