चुना, डिस्टेंपर, वॉलपेपर की साडी? पेठेतल्या भाड्याच्या खोलीची भिंत

सदाशिव, नारायण किंवा शनिवार पेठेतल्या जुन्या इमारतीत खोली मिळाली की पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती भिंत. कुठे पोपडे सुटलेले, कुठे आधीच्या मुलांच्या पोस्टरनी रंग उचलून नेलेला, कॉटच्या उंचीला डोकी टेकून टेकून पडलेला तेलकट पट्टा. करार 11 महिन्यांचा, डिपॉझिट मालकाकडे आणि सजावटीला हाताशी फार तर दीड-दोन हजार. एवढ्यात बसणारे पर्याय चारच: चुना, डिस्टेंपर, चिकटणारा वॉलपेपर आणि कापड. यातलं काय घ्यायचं हे तुमच्या आवडीपेक्षा भिंतच ठरवते, म्हणून बाजारात जाण्याआधी तिची परीक्षा घ्या.

कोरडा तळहात भिंतीवर दाबून फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर वरचा थर बहुधा चुन्याचा आहे आणि त्यावर कुठलाही गोंद टिकणार नाही. गोंद भुकटीला धरतो, भुकटी भिंत सोडते. मग ओल बघा. दीड फुटी चौकोनी प्लॅस्टिक चारी कडांनी पॅकिंगच्या टेपने बंद करून दोन दिवस राहू द्या. भुकटी असेल तर कडेपुरती भिंत ओल्या फडक्याने पुसून, वाळवून घ्या. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले किंवा खालची भिंत काळपट झाली तर ओल आतून येतेय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीत हवा खेळत नाही, एवढंच. मे महिन्यात ही परीक्षा फसवते. तेव्हा जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत मिठासारखा लोणा फुटलाय का ते पाहा. फुटला असेल तर जुलैत तिथे ओल येणार हे धरून चाला.

हिशेबाला खोली दहा बाय दहाची, उंची दहा फूट धरू. एक भिंत 100 चौरस फूट. चारी भिंतींतून दार, खिडकी, कोनाडे वजा केले की साधारण 350.

चुना की डिस्टेंपर

भुकटी देणाऱ्या भिंतीवर चुनाच मारावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातून ओल बाहेर पडू शकते, त्यामुळे फुगे येत नाहीत. दोन पातळ हात मारायचे तर तयार चुन्याची 5 किलोची पिशवी अख्ख्या खोलीला पुरते, आणि ब्रश धरून खर्च तीन-चारशेच्या आत राहतो. कळीचा, म्हणजे न विरवलेला, चुना मात्र आणू नका. पाणी घातलं की तो उकळतो, प्लॅस्टिकची बादली वितळू शकते आणि उडालेला थेंब डोळ्यात गेला तर कायमची इजा होते. तयार चुन्यालाही चष्मा आणि हातमोजे हवेतच.

किलोला साधारण पाच लिटर पाणी या मापाने चुना रात्रभर भिजत घाला आणि सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. पाव किलो पांढरा गोंद कोमट पाण्यात कालवून त्यात मिसळा, चिमूटभर नीळ टाका. सैल पोपडे पट्टीने काढून भिंत झाडायची, पाणी शिंपडून ओलसर करायची आणि मग पहिला हात. इथे हमखास चूक होते. ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो, डाग तसेच दिसत राहतात, म्हणून माणूस घाबरून जाड थर चढवतो. चुना वाळताना पांढरा होत जातो. जाड थर दिवाळीपर्यंत सोलून पडतो. पातळ ताकासारखा ठेवा आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी मारा. अंगाला लागतो ही चुन्याची जुनी खोड गोंदाने कमी होते, जात नाही. त्याचा इलाज पुढे कापडात आहे.

डिस्टेंपरचा रंग खुलतो आणि ॲक्रिलिक घेतलंत तर हलक्या हाताने पुसताही येतं. पण ते शोभतं आधीच डिस्टेंपर किंवा प्लॅस्टिक पेंट असलेल्या, कोरड्या भिंतीवर. चुन्यावर थेट मारलं तर वाळताना आक्रसणारा थर खालचा सैल चुना घेऊन सुटतो. आधी सगळा चुना खरवडावा, असं दुकानदार सांगेल. नव्या इमारतीत जरूर खरवडा. पेठेतल्या जुन्या गिलाव्यावर पट्टी जोरात चालवली तर वीतभर ढलपी खाली येते आणि दुरुस्ती तुमच्या डिपॉझिटमधून होते.

भिंत योग्य असेल तर एकच भिंत रंगवा. तिला 2 किलो डिस्टेंपर, लिटरभर प्रायमर, 120 नंबरचे दोन पॉलिशपेपर आणि चार इंची ब्रश लागेल. साधारण सातशे-आठशे रुपये. खिळ्यांची भोकं लांबीने (पुट्टीने) भरा, ती वाळल्यावर घासा, प्रायमरचा एक हात, मग तीन-चार तासांच्या अंतराने रंगाचे दोन. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त घातलं की रंग पुरतो खरा, पण ओघळ आणि पट्टे उठतात.

वॉलपेपर

फोटोत सगळ्यात देखणा आणि पेठेच्या भिंतीवर सगळ्यात बेभरवशाचा. चुन्यावर तो आठवड्यात कडांनी सुटतो. ओलीवर काही दिवस चिकटून राहतो, पण प्लॅस्टिकमागे पाणी कोंडून काळी बुरशी धरते, आणि ती दिसते तेव्हा वास खोलीभर झालेला असतो. पक्क्या, कोरड्या रंगावर लावलात तर टिकतो. काढताना मात्र खालचा रंग सोबत येऊ शकतो.

हिशेबही फसतो. स्वस्त रोल बहुतेक 45 सेंटिमीटर रुंद, 10 मीटर लांब, म्हणजे जवळपास 48 चौरस फुटांचा. शंभर फुटांना दोन पुरतील असं वाटतं. पण दहा फूट रुंद भिंतीला सात पट्टे लागतात आणि एका रोलमधून दहा फुटी पट्टे निघतात फक्त तीन. म्हणजे तीन रोल, खर्च हजाराच्या आसपास. नक्षी जुळवायची असेल तर आणखी वाया.

त्यापेक्षा एकच रोल आणा आणि मालकाच्या गंजक्या लोखंडी कपाटाला लावा. गंज घासून, पत्रा पुसून, वाळवून मग वरून खाली, फडक्याने हवा काढत. काढताना हेअर ड्रायरने गरम करा. उरलेला चिकटा खोबरेल तेलाने निघतो. एवढा एक बदल केला तरी खोली वेगळी दिसते.

कापड

भिंतीला काही न लावता तिच्यापुढे टांगायचं, हा ओल आणि भुकटी दोन्हींवरचा तोडगा. पाचवारी साडी साडेपाच मीटर म्हणजे 18 फूट लांब आणि पावणेचार फुटांच्या आसपास रुंद असते. ती आडवी टांगली की कोपऱ्यातल्या कॉटच्या दोन्ही भिंती झाकून टाकते आणि पाठीला चुना लागायचा थांबतो. घरून आईची जुनी आणलीत तर खर्च फक्त दोरीचा. तुळशीबागेतली 90 बाय 108 इंची चादर उभी टांगली तर साडेसात बाय नऊ फूट भिंत झाकते.

दोरी कशाला बांधायची? आधी जुन्या खुंट्या, फोटोची लाकडी पट्टी, तुळई, खिडकीचे गज वापरा. चिकटणारे हुक चुन्यावर धरत नाहीत आणि नव्या खिळ्याने गिलावा फुटतो. दहा फुटांत दोरी मध्ये झोळते, मधे एक आधार द्या. कापड भिंतीपासून इंचभर सुटं हवं. सुती कापड पावसात ओल धरून कुबट होतं, म्हणून पंधरा दिवसांनी धुवा. सिंथेटिक लवकर वाळतं, पण शेगडी आणि उदबत्तीजवळ ते नकोच.

भिंत भुकटी देत असेल तर चुना आणि कॉटपाशी साडी. कोरडी, रंगवलेली असेल तर एका भिंतीला डिस्टेंपर. ओल आतून येत असेल तर रंगाचे पैसे वाचवा, गळती मालकाला दाखवा आणि तोवर कापडावर भागवा. काहीही करण्याआधी चारही भिंतींचे फोटो काढा आणि मालकाची परवानगी मेसेजवर लेखी घ्या; तोंडी ‘हो’ डिपॉझिटच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

अर्धा किलो कोरडा चुना घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून द्या. खोली सोडताना डाग त्यानेच झाकता येतात. डिस्टेंपरची तीच छटा अकरा महिन्यांनी जुळवायला गेलात तर भिंतीवर नवा ठिगळ उठून दिसतो.