घरात आजारपण, हातात लहान लेकरं: बेळगाव भागात सांभाळायला कोण मिळालं, कोण नाही

बेळगाव भागात आईबापापैकी एक अचानक आजारी पडलं, तर दिवसा मूल सांभाळायची सोय होते. रात्रीची होत नाही. गेले काही महिने पंचायतीचं कूसिन मने (गावातलं सरकारी पाळणाघर), शहरातलं खासगी पाळणाघर आणि मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर या तिन्हींशी माझा संबंध आला, त्यावरून हे लिहितोय. या अडचणीत जो कुणी असेल त्याला उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

दुसऱ्या बाळंतपणानंतर बायकोची झोप गेली, मग भास सुरू झाले. 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता आलं, आणि हे आजारपण आहे, वेळ घालवू नका, हे तिथंच पहिल्यांदा स्पष्ट ऐकायला मिळालं. उपचारासाठी धारवाडला ठेवावं लागलं. सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून आई तिच्याजवळ राहिली. तान्ही मेहुणीकडे महाराष्ट्रात चंदगडला गेली. अडीच वर्षांचा थोरला माझ्याकडे, आणि माझी नोकरी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, शिफ्टची.

सुरुवातीला टिळकवाडीकडचं एक पाळणाघर धरलं. जागा स्वच्छ, माणसं बोलायला गोड. पण पूर्ण महिन्याचे पैसे आगाऊ, शनिवारी अर्धा दिवस, आणि पोराला जरा कणकण आली की लगेच फोन, घेऊन जा. नेहमीच्या नोकरदार घराला ते चालेलही. ज्याच्या घरात आधीच एक पेशंट आहे, त्याला दुपारी बारा वाजता मशीन सोडून कसं निघता येणार? महिना संपला तसं ते बंद केलं.

कूसिन मनेचं अंगणवाडीताईंनी सुचवलं. कर्नाटक सरकारनं 2023 साली ही योजना आणली, राज्यात 4000 ग्रामपंचायतींत पाळणाघरं काढायची म्हणून. मुख्यतः उद्योग खात्रीवर, म्हणजे रोजगार हमीच्या कामावर, जाणाऱ्या बायांच्या लहान मुलांसाठी. आईच्या नावाचं जॉब कार्ड होतं, ते दाखवल्यावर पोराचं नाव लागलं. पैसे नाहीत. दुपारचं गरम जेवण तिथंच. खोली लहान आहे, खेळणी थोडी, पण आमच्या गावातलीच बाई मूल घेऊन बसते, आणि ती आम्हाला ओळखते, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. घरात काय चाललंय ते दहा वेळा सांगावं लागलं नाही.

पहिले दिवस फार अवघड गेले. आई दिसेना, आजी दिसेना, पोरगं ताटाकडं बघायचंसुद्धा नाही. तिथल्या एका मावशींनी तांदूळ निवडायला घेतले होते, त्यांनी ते सूप त्याच्यापुढं सरकवलं. खडा दिसला की हा बोट लावून दाखवायचा, त्या "हां, काढ की" म्हणायच्या. असं करत करत मांडीवर आला आणि त्याच हातानं भात खाल्ला. मला म्हणाल्या, "तुम्ही दारात थांबू नका हो, तुम्ही दिसलासा की रडतंय. जावा, बसतंय ते." खरंच बसला.

उणीव सांगायची तर दोन. सांभाळणाऱ्या बायाही जॉब कार्डवाल्याच, वर्षाला ठरावीक दिवसांचीच मर्यादा, म्हणून पाळीपाळीनं बदलतात. घरातलं माणूस आधीच गायब झालेल्या मुलाला हा बदल जड जातो. त्या मावशींची पाळी संपली तेव्हा पोरगं पुन्हा चार रात्री दचकून उठत होतं. दुसरी अडचण वेळेची. ते दहाच्या सुमारास उघडतं आणि माझी शिफ्ट आठला. मधले दोन तास शेजारच्या काकूंनी काढले, त्यांचं ऋण वेगळंच.

नाईट शिफ्ट लागल्यावर मात्र काहीच हाती नव्हतं. तेव्हा 1098 लावला. हा मुलांसाठीचा नंबर आता सरकारी खात्याकडूनच चालतो, 112 शी जोडलेला आहे. पलीकडून आधी कन्नड. मराठी येणाऱ्या ताईंना द्या म्हटल्यावर दिलं. पुढं जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात बोलावलं. गावातल्यांनी भीती घातली होती, तिथं गेलास तर पोर सरकारजमा, दत्तक देऊन टाकतील. या भीतीनं किती माणसं मदत मागायलाच जात नसतील. म्हणून मी तिथं विचारून घेतलेलं नीट लिहितो. 2015 च्या बाल न्याय कायद्यात बालकल्याण समिती मुलाला तात्पुरत्या सांभाळासाठीही संस्थेत ठेवू शकते. मूल कायमचं सोडून देणं हा वेगळा प्रकार: त्यासाठी आईबापाला समितीपुढं तसं लिहून सही करावी लागते, आणि त्यानंतरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. माझी हात जोडून विनंती, कागद कन्नडमध्ये असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. वाचून दाखवा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मी शेवटी मुलाला संस्थेत ठेवलं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक दत्तक संस्थेच्याच शिशुगृहात ठेवतात, आणि अडीच वर्षांच्या पोराला, तेही आई नसताना, परक्या खोलीत झोपवायला मन तयार झालं नाही. कार्यालयातल्या ताईंनी जबरदस्ती केली नाही. फाउंड्रीतल्या सुपरवायझरला सांगायला पत्र हवं का, एवढं विचारलं. दवाखान्याच्या कागदांसोबत ते पत्र दाखवल्यावर नाईट टळली. म्हणजे रात्रीचा प्रश्न कामावरच्या माणसानं सोडवला. ज्याला असा सुपरवायझर नाही त्यानं काय करावं, याचं उत्तर या भागात मला मिळालेलं नाही.

मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या सरकारी योजनेत अशा मुलाला महिना 4000 रुपये मिळू शकतात, पालक गंभीर आजारी असला तरी. पण खेड्यात घरचं वार्षिक उत्पन्न 72 हजारांच्या आत पाहिजे. आम्ही बसलो नाही. बसणाऱ्यांनी अर्ज जरूर करावा.

तान्हीचं चंदगडला चांगलं झालं. दीड महिन्याची लस तिथल्या नर्सताईंनी दिली. तायी कार्ड (आई-बाळाचं आरोग्य कार्ड) कन्नडमध्ये, पण तारखा आणि लसींची नावं बघून त्यांनी नोंद केली. मूल सीमेपलीकडं पाठवताना ते कार्ड सोबतच द्या. जाण्यायेण्याचं मात्र तुमचं तुम्ही धरा: आईला धारवाडची बस कर्नाटकातल्या बायांसाठीच्या शक्ती योजनेत फुकट, मेहुणीचं आधार महाराष्ट्राचं, तिला पूर्ण तिकीट.

बायको आता घरी आहे, औषधं चालू आहेत, धाकटी परत आली आहे. डॉक्टरांनी तिला दुपारची झोप सक्तीची सांगितली आहे, म्हणून थोरला अजून कूसिन मनेला जातो. ते आठला उघडावं असा अर्ज उद्यमबागेत जाणाऱ्या आम्ही काही जणांनी मिळून पंचायतीत दिला आहे. पुढच्या बैठकीत घेतो म्हणालेत.