द स्पेशल्स: पहिला अल्बम की दुसरा?

द स्पेशल्स हा इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीचा स्का बँड; स्का म्हणजे जमैकाचं, रेगेच्या आधीचं नाचरं संगीत. १९७९चा पहिला अल्बम म्हणजे या पोरांचा निव्वळ दंगा. निर्माता एल्विस कॉस्टेलो. बँड स्टेजवर वाजतो तसाच त्याने टेपवर उतरवला. ऑफबीटवर, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधे, सपासप पडणारी स्का गिटार, रिको रॉड्रिग्जचा ट्रॉम्बोन, नाचायला आणखी काय हवं?

१९८०मध्ये 'मोअर स्पेशल्स' आला आणि बँडचा कीबोर्डवादक म्होरक्या जेरी डॅमर्सने भलताच रस्ता धरला: लिफ्टमध्ये वाजतं तसलं गुळगुळीत संगीत, ऑर्गन, ऱ्हिदम मशीन. 'इंटरनॅशनल जेट सेट' या गाण्यात वरवर गोड सुरावट, आत विमानप्रवासाची धडकी. बँडमधल्या सगळ्यांना हे पचलं नाहीच.

पार्टीला पहिलाच लावा. माझं मत मात्र दुसऱ्याला. बँडच्या १९८१च्या 'घोस्ट टाऊन' या गाण्यातली भुताटकी इथूनच सुरू होते.