बायपॉड, रेतीची पिशवी की पट्टा? कोकणात रायफल टेकवायची कशावर

देवगडहून भाच्याचा फोन आला तो तक्रार घेऊनच. "मामा, बायपॉड लावल्यार नेम उलटो बिघडलो." महिनाभरापूर्वी त्याने नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली एअर रायफल घेतली होती. सोबत एक दोन पायांचा बायपॉडही मागवला होता. नुसत्या हातावर टेकवून तो २० मीटरवर पाच छर्रे पेल्याच्या बुडाएवढ्या जागेत बसवायचा. बायपॉडवर तेच छर्रे ताटभर पसरायला लागले.

यात त्याचा दोष नव्हता आणि रायफलीचाही नव्हता. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की आतला दट्ट्या जोरात पुढे धावतो, त्यामुळे रायफल आधी मागे सरकते. दट्ट्या दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, तेव्हा ती पुढे झटका घेते. छर्रा नळीत असतानाच ही सगळी हालचाल चाललेली असते. ही हालचाल थांबवता येत नाही, पण दर वेळी सारखी होऊ देता येते. बायपॉडचे पाय कडक फरशीवर टेकले की रायफल त्यांच्यावर उसळते, आणि प्रत्येक उसळी वेगळी. म्हणून स्प्रिंगची रायफल उघड्या तळहातावर अलगद ठेवायची, मूठ आवळायची नाही आणि तो तळहात रेतीच्या पिशवीवर विसावू द्यायचा. तुमच्याकडे अशी रायफल असेल तर बायपॉडचे पैसे वाचवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बायपॉडचा खरा उपयोग पीसीपी, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला आणि काडतुसाच्या पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची रायफलीला. या दोन्हींचा झटका कमी आणि सरळ असतो. कायद्याचंही इथेच सांगून टाकतो. ०.१७७ इंचापर्यंतच्या बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या, आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला लागतो. आणि यातलं काहीही बागेत शिरणाऱ्या जनावरांसाठी नाही. काजू-नारळाचं नुकसान किती जिव्हारी लागतं ते मला ठाऊक आहे, पण शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि हे लिखाण फक्त कागदाच्या लक्ष्यापुरतं आहे.

आता आधाराने इतका फरक का पडतो ते आकड्यांत बघू. रायफल पुढे जिथे टेकते तिथून खांद्यापर्यंत साधारण ७० सेंटिमीटर अंतर धरा. पुढचं टोक फक्त एक मिलिमीटर वर गेलं तर ५० मीटरवर गोळी सुमारे सात सेंटिमीटर वर लागते. ५० मीटर रायफलीच्या अधिकृत लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. श्वासाने, नाडीच्या ठोक्याने, गवतावरच्या एका खड्याने एक मिलिमीटर सहज हलतं.

माझ्याकडे आज तीन आधार आहेत: रेतीची पिशवी, बायपॉड आणि खांद्याला-हाताला आवळायचा पट्टा. तिन्ही वापरून झाले आहेत, आणि तिघांना मी सारखे गुण देत नाही.

रेतीची पिशवी सगळ्यात स्वस्त, आणि पुढून आधार द्यायला टेबलावर अजूनही सगळ्यात भरवशाची. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापायचा, एक तोंड दुहेरी शिवायचं, तीन-चतुर्थांश भरायची आणि दुसरं तोंड शिवायचं. खाली एक जांभा चिरा, वर ही पिशवी, आणि तिच्या मधल्या खळग्यात रायफलीचं लाकूड. नळी कधीच टेकवायची नाही, कारण नळीला स्पर्श झाला की गोळी कुठे जाईल याचा नेम नाही. मी पहिली पिशवी किनाऱ्यावरच्या पुळणीची भरली होती. ती चूक करू नका. समुद्राच्या रेतीतलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, पिशवी कायम दमट राहते, आणि तिच्यावर टेकलेल्या रायफलीच्या स्क्रूंवर आठवड्यात तांबूस ठिपके आले. नदीची रेती आणा, दोन-तीन पाण्यांत धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. तांदूळ भरले तर पिशवी हलकी होते, पण पावसाळ्यात त्यात पोरकिडे होतात. पिशवीची उणीव एकच: ती जिथे ठेवली तिथेच. लक्ष्य बदललं, जमीन उतरती लागली, की सगळं पुन्हा मांडायला बसा.

बायपॉड तिथे जिंकतो. तो रायफलीसोबतच फिरतो, पाय उघडले की तयार. पोटावर झोपून मारायला सहा ते नऊ इंच उंचीचा पुरतो. तेरा इंचांवर उघडणारे उंच बायपॉड फोटोत रुबाबदार दिसतात, पण पाय जितके लांब तितकी डुगडुग जास्त. उंच बायपॉड फक्त बसून मारणाऱ्याने किंवा पुढे गवत-बांध आडवा येणाऱ्याने घ्यावा.

पायांना ठरावीक अंतरावर खाचा असलेला घ्या, पिळून आवळायचा नको. पिळण्याच्या जोडांत पुळण शिरली की करकर आवाज येतो आणि दोन पाय एकाच उंचीवर आणायला दर वेळी खटपट पडते. खाचा मोजता येतात: डावा दोन, उजवा तीन.

दुसरी गोष्ट, रायफल डावी-उजवीकडे कलती करता यायला हवी. आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, सपाट जागा म्हणाल तर हातभरही मिळत नाही. कातळाला फोड, खड्डा, उतार काहीतरी असतंच. कलण्याची सोय नसलेल्या बायपॉडवर रायफल जमिनीसोबत तिरकी होते. पॉइंट टू-टूची साधी गोळी ५० मीटरवर साधारण १२ सेंटिमीटर खाली येते, तेवढी आपण स्कोपने, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीने, वर उचललेली असते. रायफल पाच अंश तिरकी असेल तर त्यातला एक सेंटिमीटर बाजूला जातो. एवढ्यात दहाचं वर्तुळ सुटलं. हॅरिस या कंपनीच्या मॉडेलांच्या नावात सुरुवातीला 'एस' असेल तर त्याला ही कलण्याची सोय आहे. अ‍ॅटलस या दुसऱ्या नावाचे बायपॉड कलतात आणि आडवे फिरतातही, त्यांचे पाय पुढे-मागे ४५ अंशांत अडकवता येतात, पण नेम शिकणाऱ्याला एवढं लागत नाही. दोन्हींच्या स्वस्त नकला बाजारात खूप आहेत. घेण्याआधी रायफलीला लावून बघा, पाय उघडा, वरून दाबून दस्ता, म्हणजे नळीखालून खांद्यापर्यंत जाणारा लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग, हलवा. जोडांत खडखड जाणवली तर परत करा. ती खडखड वापरून कमी होत नाही, वाढतेच.

बायपॉड बसवायचा कसा, यावरही बरंच अवलंबून आहे. रायफलीला खाली पट्टा अडकवायची कडी असेल तर त्यावरच बसणारा मिळतो. रेल, म्हणजे जोडण्या अडकवायची खाचांची पट्टी, असेल तर रेलवरचा घ्या, तो कमी हलतो. दस्त्याचं प्लास्टिक पुढच्या बाजूला लवचिक असेल तर बायपॉडवर भार टाकल्यावर ते वाकून नळीला चिकटतं. नळी आणि दस्त्याच्या फटीतून कागदाची घडी सरकवून बघा. भार टाकल्यावरही ती मोकळी सरकली पाहिजे.

झोपल्यावर शरीर रायफलीच्या सरळ मागे आणायचं, तिरकं नाही. खांद्याने दस्त्याला किंचित पुढे रेटायचं, म्हणजे बायपॉडच्या पायांना ताण येतो आणि झटक्याला रायफल बाजूला उडी मारत नाही. जांभ्यावर बायपॉडच्या पायांचे रबरी बूट छान धरतात, खडबडीत असल्याने. ओल्या सिमेंटवर किंवा गुळगुळीत टेबलावर घसरतात, तिथे खाली जुनी पायपुसणी टाका. सारवलेल्या अंगणात पाय रुततात, तिथे गोणपाट दुहेरी अंथरा.

आणि बायपॉडसोबत मागची छोटी पिशवी हवीच. हे मला सगळ्यात उशिरा कळलं, म्हणून सगळ्यात जोर देऊन सांगतो. पुढचं टोक कितीही पक्कं असलं तरी मागचा दस्ता हवेत असेल तर नेम तुमच्या खांद्यावर आणि श्वासावरच राहतो. दोन मुठींएवढी पिशवी दस्त्याच्या खालच्या टोकाशी ठेवा आणि डावा हात पुढे न धरता तिच्यावर ठेवा. पिशवी दाबली की मागचा भाग उचलला जातो आणि नेम खाली येतो. सैल सोडली की नेम वर जातो. बायपॉड आणि ही पिशवी यांतलं एकच परवडत असेल तर पिशवीच शिवून घ्या.

पट्ट्याचा हिशोब वेगळा आहे. मुलाला किंवा मुलीला स्पर्धेत उतरवायचं असेल तर बायपॉडचं नाव काढू नका. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत झोपून मारतानाही रायफल कशावर टेकवता येत नाही. आधार फक्त कोपरांचा आणि पट्ट्याचा, आणि पुढच्या हाताने जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करायला हवा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिचला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून मारायच्या प्रकारात) जगज्जेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्य जिंकलं, ते रायफल कशावरही न टेकवता. घरच्या सरावात बायपॉडची सवय लागलेलं पोर पट्टा आवळला की हात सुन्न झाल्याची तक्रार करतं आणि महिनाभर मागे पडतं. उलट एफ-क्लास नावाच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत, तिच्या एफ-टीआर या गटात, बायपॉड चालतो. पण त्यासाठी मोठ्या बोअरची रायफल आणि तशी रेंज लागते, ती वाट किनारपट्टीवरून सुरू होत नाही.

खाऱ्या हवेचं सांगायलाच हवं. बायपॉडच्या स्प्रिंग बऱ्याचदा उघड्या असतात. सड्यावरून परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पाय पुसा, लगेच कोरडे करा, स्प्रिंगवर तेलाचा एक हात फिरवा. अ‍ॅल्युमिनियमच्या पायांत पोलादी स्क्रू असेल तर तो जोड आधी खराब होतो, तिकडे लक्ष द्या. मृगाआधी बायपॉड रायफलीवरून काढून कोरड्या डब्यात वेगळा ठेवा.

एक खबरदारी पाळाच: बायपॉडवर उभी केलेली रायफल 'ठेवलेली' वाटते, म्हणून माणूस उठून जातो. उठण्याआधी चेंबर, म्हणजे छर्रा किंवा काडतूस बसतं ती जागा, रिकामा करा. आणि जांभ्याच्या उघड्या भिंतीवर छर्रे मारू नका, ते उलटून येतात. लक्ष्यामागे रेतीने भरलेली जाड पेटी ठेवा, डोळ्यांवर चष्मा ठेवा.

घेण्याआधी कुणाचा तरी बायपॉड एका सकाळसाठी मागून आणा. मतलई वारे पडल्यावर आणि खारे वारे सुटायच्या आत, आठ-नऊच्या सुमाराला, दहा गोळ्या चिऱ्यावरच्या पिशवीवरून मारा आणि दहा बायपॉडवरून, दोन्हींना मागची पिशवी लावून. दुपारी करू नका, वाऱ्याचा दोष बायपॉडवर जाईल. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरा. भाच्याने पीसीपी घेतल्यावर गेल्या माघात हेच केलं. बायपॉडचा कागद थोडासाच बरा निघाला, आणि रोज सड्यावर चिरा वाहून नेणं टळतं म्हणून त्याने बायपॉड ठेवून घेतला.