कंबरेच्या स्पाँडिलोसिससाठी डोंबिवलीतलं फिजिओथेरपी क्लिनिक, आमचा अनुभव

आईला लंबर स्पाँडिलोसिस आहे, म्हणजे कंबरेच्या मणक्यांची झीज, वय ६८. बीपीची गोळी चालू आहे आणि बऱ्याच पेनकिलरने बीपी वाढू शकतं, किडनीवरही ताण येऊ शकतो, म्हणून ऑर्थोपेडिक डॉक्टरच म्हणाले पेनकिलर शक्यतो नको, फिजिओ लावा. डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत जाता येईल असं छोटंसं क्लिनिक आहे, एक फिजिओ मॅडम आणि एक असिस्टंट मुलगी, बस. तिथे आईला लावलं आणि मी खरंच खूप समाधानी आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ऑस्टिओफाइट्स (मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड), डिस्कची म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीची उंची कमी वगैरे वाचून आई पार खचली होती. मॅडमनी तिला समजावलं की काहीच दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनमध्येही हे दिसतं, २०१५ च्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्यांपैकी विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या ९६ टक्के लोकांच्या डिस्कमध्ये झीज होती. झीज भरून येणार नाही हेही स्पष्ट सांगितलं, पण काकू, दुखणं कमी होऊ शकतं आणि कामं नक्की जमतील, असं म्हणाल्या. आईचा चेहराच बदलला तेव्हा.

मग उठायला, बसायला, वाकायला लावून नुसतं बघत होत्या. मागे वाकलं की कळ येते, पुढे झुकलं की बरं वाटतं, हे बघून व्यायाम ठरवले: उताणं झोपून गुडघे छातीशी, पेल्व्हिक टिल्ट (पोट आत घेऊन कंबर खाली टेकवायची), ब्रिज (गुडघे वाकवून कंबर वर उचलायची). काहींचं नेमकं उलटं असतं, त्यामुळे यूट्यूबवर बघून सरसकट सगळ्यांनी भुजंगासन करू नका प्लीज. कॉटवरून सरळ उठायचं नाही, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं, हे आईकडून परत परत करून घेतलं. आणि पोळ्या लाटताना ओट्याशी एक पाय छोट्या पाटावर ठेवायचा, थोड्या वेळाने पाय बदलायचा, मला तर हे सगळ्यात भारी वाटलं कारण आईची कंबर नेमकी तिथेच भरून यायची!

आधी दुसऱ्या एका ठिकाणी जायचो, तिथे रोज आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचं मशीन), ट्रॅक्शन (कंबर ताणायचं मशीन), शेक, आई नुसती पडून असायची आणि बरं वाटायचं ते संध्याकाळपर्यंतच. ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या कंबरदुखीच्या गाइडलाइनमध्ये तर ट्रॅक्शन, आयएफटी, टेन्स (तेही विजेच्या प्रवाहाचंच मशीन), अल्ट्रासाउंड (तपासणीचा नाही, उपचाराचा), कंबरेचा बेल्ट यातलं काहीच देऊ नका असं आहे, व्यायामावर भर आहे. इथे मशीन कोपऱ्यात पडून असतं. शेक हवा तर घरी गरम पाण्याची पिशवी, १५-२० मिनिटं, आणि रोज चालणं, सुरुवातीला थोडं मग हळूहळू वाढवत.

आता आई भाजी आणायला जाते तेव्हा वाटेत कुठे बसावं लागत नाही. जास्त काम झालं की दुखतं अजून, पण त्या दिवशी काय करायचं ते तिला माहीत आहे.

तक्रारी म्हणाल तर क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, कंबरेच्या पेशंटला हे बरोबर नाही, मी त्यांना सांगितलंय. व्यायामाचा कागद इंग्लिशमध्ये आहे, तो मराठीत हवा, मी आईला हाताने लिहून दिला.

एक महत्त्वाचं, मॅडमनी आधीच बजावलंय की लघवी-शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद कमी होत चालली तर क्लिनिकला यायचंच नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

फी सेशनला ५०० रुपये. संध्याकाळी फार गर्दी असते, सकाळची वेळ घ्या. पॅकेज गळ्यात मारत नाहीत, उलट आईला व्यायाम नीट जमायला लागल्यावर त्यांनीच सांगितलं, काकू आता महिन्यातून एकदा दाखवून जा, पुरे.